मुलांना वाचनाची गोडी लावण्याचा योग्य क्रम

घरात पुस्तके आहेत, वाचनाची वेळ ठरलेली आहे, रोज आठवणही करून दिली जाते, आणि तरीही मूल आपणहून पुस्तकाला हात लावत नाही, अशी तक्रार करणारे बहुतेक पालक योग्य गोष्टीच करत असतात, फक्त त्यांचा क्रम चुकलेला असतो. मूल गोष्टीत रमण्याआधीच त्याने ती स्वतः वाचावी अशी अपेक्षा केली जाते, पुस्तक निवडू देण्याआधी ते संपवण्याचा आग्रह धरला जातो, आणि वाचलेले मनात मुरण्याआधीच त्यावर प्रश्न विचारले जातात.

पुढील पायऱ्या साधारण ४ ते १२ वर्षांच्या मुलांसाठी आहेत. एखादी पायरी मुलाने आधीच ओलांडली असेल तर पुढे जावे, मात्र पहिली पायरी कोणीही सोडू नये. आणखी एक गोष्ट आधीच ठरवून घ्यावी लागते. अभ्यासाचे वाचन आणि आनंदाचे वाचन यांची पुस्तके, वेळ आणि शक्य असल्यास जागाही वेगळी ठेवावी. अभ्यासाच्या वाचनात उच्चार सुधारणे, अर्थ विचारणे, पुन्हा वाचायला लावणे योग्यच आहे. तेच आनंदाच्या वाचनात केले की मुलाच्या लेखी दोन्ही एकच होऊन जातात, आणि मग त्यातून सुटका करून घेणे हाच त्याचा हेतू उरतो. येथून पुढे जे सांगितले आहे ते फक्त आनंदाच्या वाचनाविषयी आहे.

पायरी १: अडचण नेमकी कोठे आहे, ते तपासावे

न वाचणाऱ्या प्रत्येक मुलाला वाचनाचा कंटाळाच असतो असे नाही. काही मुलांना अक्षरे उलगडण्यातच इतके कष्ट पडतात की वाक्याच्या शेवटी पोहोचेपर्यंत त्याची सुरुवात विसरलेली असते, आणि अशा मुलापुढे पुस्तकांची रास ओतून काहीही साधत नाही. फिलिप गॉफ आणि विल्यम टनमर यांनी १९८६ मध्ये केलेली एक साधी मांडणी येथे फार उपयोगी पडते: वाचलेले समजणे म्हणजे अक्षरे उलगडण्याचे कौशल्य आणि ऐकलेली भाषा समजण्याची क्षमता यांचा गुणाकार. ही बेरीज नाही, हे लक्षात घ्यावे. दोहोंपैकी एक शून्याच्या जवळ असेल तर दुसरे कितीही चांगले असले तरी हाती फारसे काही लागत नाही.

तपासणी घरच्या घरी करता येते. मुलाने कधी न पाहिलेले, त्याच्या वयाला साजेसे पुस्तक घ्यावे आणि एक पान त्याला मोठ्याने वाचायला सांगावे. हातात पेन्सिल धरू नये, चुका दुरुस्त करू नयेत, घड्याळाकडे पाहू नये. पान संपल्यावर "यात काय झाले?" एवढेच विचारावे. नंतर त्याच पुस्तकाचे पुढचे पान आपण वाचून दाखवावे आणि तोच प्रश्न पुन्हा विचारावा.

ऐकलेले पान मूल नीट सांगते, पण स्वतः वाचताना जोडाक्षरांवर अडते, रफार चुकवते, पहिल्या अक्षरावरून शब्दाचा अंदाज बांधते, असे दिसले तर अडचण उलगडण्याची आहे. अशा मुलाला अभ्यासाच्या वेळेत वेगळा सराव हवा, आणि या लेखातील पाचवी पायरी त्याच्यासाठी सर्वांत महत्त्वाची ठरेल. मूल भराभर वाचते, पण दोन्ही पानांतले काहीच सांगता येत नाही, असे असेल तर शब्दसंपत्ती किंवा विषयाची ओळख कमी पडत आहे. तेथे तिसऱ्या पायरीवर बराच काळ राहावे लागेल. दोन्ही गोष्टी सहज जमत असूनही मूल वाचत नसेल, तर प्रश्न इच्छेचा आहे, आणि त्याची उत्तरे बहुधा चौथ्या आणि सहाव्या पायरीत सापडतील.

सावधान: वाचायला शिकून दोन-तीन वर्षे झाल्यावरही मूल तोच शब्द प्रत्येक वेळी नव्याने जुळवत असेल, ओळी गाळत असेल, पुस्तक डोळ्यांजवळ धरत असेल किंवा वाचताना त्याचे डोके दुखत असेल, तर आधी डोळे तपासून घ्यावेत आणि नंतर अध्ययन अक्षमतेची तपासणी करणाऱ्या तज्ज्ञांना भेटावे. अशा मुलाला आळशी ठरवणे हा त्याच्यावर मोठा अन्याय आहे.

पायरी २: वेळ, जागा आणि पुस्तके यांची तयारी

वाचनाची वेळ घड्याळाला बांधण्यापेक्षा रोज न चुकता होणाऱ्या एखाद्या गोष्टीला बांधावी. अंथरुणावर पडल्यावर, आंघोळीनंतर, संध्याकाळी खेळून आल्यावर, असे काही ठरले की वेगळी आठवण करावी लागत नाही. सुरुवातीला १५ मिनिटे पुरतात. मुलाचा आवडता कार्यक्रम किंवा खेळ थांबवून ही वेळ काढू नये, कारण मग पुस्तक म्हणजे आनंदावर आलेले संकट असे समीकरण मनात बसते. त्या १५ मिनिटांत मोबाईल दुसऱ्या खोलीत राहील, आणि हा नियम मोठ्यांनाही लागू असेल. मुलाला पुस्तक देऊन शेजारी बसून मोबाईल पाहणारा पालक न बोलता एक धडा देत असतो, आणि मूल नेमका तोच शिकते.

कपाटात कणा बाहेर करून दाटीने लावलेली पुस्तके लहान मुलांना दिसतच नाहीत. मुलाच्या हाताला येईल अशा उंचीवर, मुखपृष्ठ समोर दिसेल अशा रीतीने आठ-दहा पुस्तके ठेवावीत आणि दर दोन-तीन आठवड्यांनी त्यांतील निम्मी बदलावीत. काही काळ नजरेआड झालेले पुस्तक परत आले की मुलाला ते नव्यासारखे वाटते. निवडीत गोष्टींबरोबर प्राणी, यंत्रे, ग्रह, नकाशे यांची माहितीपर पुस्तके, कोडी, विनोद, कविता, चित्रकथा आणि मुलांची मासिके हवीत. अनेक मुलांना कथेपेक्षा माहिती अधिक ओढते, आणि मोठ्यांच्या हे ध्यानातच येत नाही, कारण त्यांच्या मनात वाचन म्हणजे गोष्ट हेच पक्के बसलेले असते.

ही सारी पुस्तके विकत घेण्याची गरज नाही. ग्रंथालयाचे सभासदत्व मुलाच्या स्वतःच्या नावाने घ्यावे आणि पुस्तक नोंदवून घेण्याचे काम त्यालाच करू द्यावे. एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ मध्ये ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम मांडले. त्यांतील दुसरा नियम प्रत्येक वाचकाला त्याचे पुस्तक मिळावे असे सांगतो आणि तिसरा प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक मिळावा असे. एका मुलाला न आवडलेले पुस्तक वाईट नसते आणि ते न आवडलेले मूलही कच्चे नसते, हे या दोन नियमांत आलेच आहे.

तपासणी: मूल कोणालाही न विचारता, कोणाची मदत न घेता पुस्तक काढू शकते का? फाटेल, मळेल या भीतीने पुस्तके बंद ठेवली असतील तर आधी ती बाहेर काढावीत.

पायरी ३: मोठ्याने वाचून दाखवावे

सर्वाधिक घाई आणि सर्वाधिक चुका याच पायरीवर होतात, म्हणून येथे सावकाश जावे.

वाचून दाखवायचे पुस्तक आपण आधी एकदा वाचून ठेवावे. पहिले कारण असे की गोष्ट कोठे वळते हे माहीत असल्याशिवाय आवाजात चढउतार आणता येत नाहीत. दुसरे कारण, कोणता भाग लांबलेला आहे, कोठे मूल घाबरेल, कोठे थांबले तर उद्याची ओढ राहील, हे आधीच ठरवता येते. सुरुवातीसाठी असे पुस्तक निवडावे ज्यात पहिल्या दोन पानांतच काही तरी घडते. प्रत्यक्ष वाचताना मोठे लोक जवळजवळ नेहमीच फार भरभर वाचतात. मुलाला ऐकलेल्या वाक्याचे चित्र मनात उभे करायचे असते, त्याला उसंत हवी. संवाद आला की आवाज थोडा बदलावा, भीतीच्या जागी हळू वाचावे, आणि चित्र असेल तर मुलाचे पाहून होईपर्यंत पान उलटू नये.

लहान मुलांच्या बाबतीत वाचता वाचता बोलण्याचा मोठा फायदा होतो. ग्रोव्हर व्हाइटहर्स्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८८ मध्ये संवादी वाचनाचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात पालकांना एवढेच शिकवले होते की हो-नाही असे उत्तर येणारे प्रश्न टाळावेत, मुलाला बोलते करतील असे प्रश्न विचारावेत आणि त्याच्या उत्तरात थोडी भर घालून ते परत त्याच्याकडे द्यावे. मूल "कुत्रा पळाला" म्हणाले तर "हो, काळा कुत्रा घाबरून कुंपणाकडे पळाला" असे म्हणावे. मात्र एका बैठकीत असे दोन-तीनच प्रसंग पुरेत. गोष्ट रंगात आली असेल तर एकही प्रश्न नको.

एकच पुस्तक पुन्हा पुन्हा मागितले जाते तेव्हा पालक कंटाळतात आणि नवे पुस्तक पुढे करतात. तसे करू नये. तेच शब्द, तीच वाक्यरचना वारंवार ऐकून मूल ती आपलीशी करते, आणि पुढे काय होणार हे माहीत असण्यातला आनंद त्याच्यासाठी खरा असतो. ऐकताना मूल चित्र काढत असेल, लोळत असेल, ठोकळे रचत असेल, तर तेही चालू द्यावे. पुस्तकाकडे टक लावून बसणे म्हणजेच ऐकणे नव्हे.

नेहमीच्या चुका तीन. पहिली, मूल स्वतः वाचू लागले की वाचून दाखवणे बंद करणे. मूल ऐकून जेवढे समजू शकते तेवढे त्याला स्वतः वाचून समजायला आणखी बरीच वर्षे लागतात, त्यामुळे त्याच्या वाचनाच्या कुवतीपलीकडची कथा त्याला केवळ ऐकूनच मिळू शकते. वाचून दाखवणे बंद झाले की मोठ्या, गुंतागुंतीच्या गोष्टी थांबतात आणि त्यांच्या जागी दोन-दोन शब्दांची सोपी वाक्ये येतात; मुलाच्या दृष्टीने वाचायला शिकल्याची ही शिक्षाच ठरते. दुसरी, ऐन रंगात "आता हे वाक्य तू वाच" असे सांगणे. तिसरी, शेवटी तात्पर्य विचारणे. चांगल्या गोष्टीचा संस्कार आपोआप होतो, आणि प्रत्येक गोष्टीच्या शेवटी आपल्यावर बोट रोखले जाणार हे कळलेले मूल पुढच्या वेळी सावध होऊन ऐकते, रमून ऐकत नाही.

तपासणी: पुस्तक मिटल्यावर मूल "अजून थोडे" म्हणते का? दुसऱ्या दिवशी तेच पुस्तक घेऊन येते का? हे होईपर्यंत पुढच्या पायरीची घाई नको. यासाठी काही आठवडे लागू शकतात, आणि ते वाया गेलेले नसतात.

पायरी ४: निवडीचा हक्क मुलाला द्यावा

निवडणे हेही शिकवावे लागते. दुकानात किंवा ग्रंथालयात "तुला हवे ते घे" म्हणून सोडून दिल्यास मूल गोंधळते आणि बहुधा सर्वांत चकचकीत पुस्तक उचलते. त्याऐवजी त्याला एक छोटी रीत दाखवावी: मुखपृष्ठ पाहावे, मलपृष्ठावरचा मजकूर वाचावा, पहिले पान वाचावे आणि मधले कोणतेही एक पान उघडून पाहावे. मधले पान वाचताना न कळणाऱ्या प्रत्येक शब्दाला एक बोट दुमडावे. पाचही बोटे दुमडली गेली तर ते पुस्तक सध्या एकट्याने वाचण्यासाठी जड आहे, ते घरी वाचून दाखवण्यासाठी घ्यावे. एकही बोट दुमडले नाही तर पुस्तक सोपे आहे, आणि आनंदासाठी सोपे पुस्तक अगदी योग्य असते. हा ढोबळ अंदाज आहे, नियम नव्हे. डायनासोरांचे वेड असलेले मूल त्यांच्याविषयीचे कठीण पुस्तकही चिकाटीने वाचते.

चित्रकथा, विनोदांचे संग्रह आणि एकाच नायकाच्या मालिकेतील पुस्तके पालकांना कमी दर्जाची वाटतात. माझ्या मते आवड लागण्याच्या काळात यांच्याइतकी उपयोगी पुस्तके दुसरी नाहीत. मालिकेत पात्रे, स्थळ आणि भाषेची ढब ओळखीची असते, त्यामुळे नवे पुस्तक उघडताना दरवेळी करावे लागणारे श्रम वाचतात आणि मूल एकामागून एक पुस्तके वाचत जाते. वाचनाचा वेग आणि दम याच ओघात वाढतो. आपल्याला लहानपणी आवडलेले पुस्तक आपल्या मुलाला आवडेलच असे धरून चालू नये. ते समोर ठेवावे, नाकारले गेले तर मनाला लावून घेऊ नये.

पुस्तक अर्धवट सोडण्याचा हक्कही याच पायरीवर द्यावा. दहा-पंधरा पाने वाचूनही मन लागले नाही तर ते बाजूला ठेवायची मोकळीक असावी. घेतलेले संपवलेच पाहिजे हा दंडक असला की मूल नवे पुस्तक घ्यायलाच बिचकते.

सावधान: वयाला न साजेशा मजकुराविषयी काही मर्यादा ठेवायच्या असतील तर त्या निवडीपूर्वी ठरवून सांगाव्यात. मुलाने हौसेने उचललेले पुस्तक त्याच्या हातून काढून घेतले की निवडीचा हक्क नावापुरताच होता हे त्याला लगेच कळते.

पायरी ५: सोबतीने वाचत एकट्याच्या वाचनापर्यंत

ऐकण्यापासून एकदम मूकवाचनावर उडी मारायला लावू नये. मध्ये जोडीने वाचण्याची एक पद्धत आहे. १९८० च्या दशकात कीथ टॉपिंग यांनी ती पालकांपर्यंत मोठ्या प्रमाणावर पोहोचवली. ती पुढील क्रमाने करावी.

१. पुस्तक मुलाने निवडलेले असावे. दोघांनी शेजारी बसून, एकाच वेळी, एकाच लयीत मोठ्याने वाचावे. वेग मुलाचा ठेवावा.

२. एकट्याने वाचावेसे वाटले की मुलाने ठरलेली खूण करावी, उदाहरणार्थ पुस्तकावर बोट टेकवावे. खूण होताच आपण थांबावे.

३. मूल अडले किंवा चुकले तर चार-पाच सेकंद वाट पाहावी. स्वतःहून सुधारले नाही तर योग्य शब्द सांगावा, मुलाने तो म्हणावा, आणि पुन्हा दोघांनी एकत्र वाचायला लागावे. अक्षरे सुटी करून "बघ बरे, हे कोणते?" असे विचारत बसू नये.

४. पुढची खूण होईपर्यंत एकत्र वाचत राहावे. एकट्याने नीट वाचलेल्या भागाबद्दल एखादा कौतुकाचा शब्द पुरे.

आठवड्यातून पाच दिवस, दहा मिनिटे असे काही आठवडे केले की खुणा लवकर येऊ लागतात आणि मुलाचा एकट्याचा पल्ला लांबतो. त्यानंतर एक पान तुझे, एक माझे, असे वाचावे. मग एखाद्या दिवशी उत्कंठेच्या जागी थांबून, "मला पाच मिनिटांचे काम आहे, तुला हवे असेल तर पुढे वाच आणि काय झाले ते मला सांग", असे म्हणून पुस्तक त्याच्याजवळ ठेवावे. मुलाने वाचले नाही तरी परत येऊन आपण पुढे वाचावे. त्यात परीक्षेचा वास येऊ देऊ नये.

शेवटचा टप्पा शेजारी बसून आपापले पुस्तक मनात वाचण्याचा. येथे मोठ्यांनीही खरोखर वाचायचे असते, मुलावर लक्ष ठेवायचे नसते.

पायरी ६: वाचून झाल्यावर काय बोलावे, काय टाळावे

बक्षिसांचा प्रश्न येथे नेहमी येतो. मार्क लेपर, डेव्हिड ग्रीन आणि रिचर्ड निस्बेट यांनी १९७३ मध्ये एका बालवाडीतील मुलांवर केलेला प्रयोग प्रसिद्ध केला. आधीपासून चित्रे काढण्यात रमणाऱ्या मुलांपैकी काहींना चित्र काढल्यास प्रशस्तिपत्र मिळेल असे आधी सांगून ते दिले, काहींना न सांगता अचानक दिले आणि काहींना काहीच दिले नाही. पुढे मोकळ्या वेळेत, आधी आमिष दाखवलेली मुले इतरांपेक्षा कमी चित्रे काढू लागली. अचानक प्रशस्तिपत्र मिळालेल्या मुलांत अशी घट दिसली नाही. प्रयोग चित्रकलेचा असला तरी पालकांनी त्यातून सावध व्हावे. "दहा पुस्तके वाचलीस तर सायकल" असे ठरले की मूल सर्वांत पातळ दहा पुस्तके शोधते, आणि सायकल मिळाल्यावर वाचण्याचे कारण संपते. "अर्धा तास वाच, मग मोबाईल देतो" हा सौदा त्याहून घातक आहे, कारण त्यात वाचन ही किंमत आणि मोबाईल हे सुख ठरते. शिक्षा म्हणून वाचायला बसवणे याच जातीचे आहे.

काही द्यायचेच असेल तर वाचनाशी जोडलेले द्यावे: मालिकेतले पुढचे पुस्तक, झोपण्याआधी दिवा आणखी दहा मिनिटे चालू ठेवण्याची परवानगी, वाचताना धरायला छोटी विजेरी. उलगडण्याच्या सरावासाठी, जो अभ्यासाच्या वेळेत होतो, छोट्या बक्षिसांना माझी हरकत नाही.

बोलण्याची सुरुवात आपल्याकडून करावी. "मी आज वाचत होतो त्यात एक माणूस अशा पेचात सापडला की मला पुस्तक खाली ठेववेना", असे आपण सांगितले की मूलही आपल्या पुस्तकाविषयी बोलू लागते. प्रश्न विचारायचाच असेल तर ज्याचे उत्तर आपल्याला खरेच ठाऊक नाही तो विचारावा: "तुला तो मुलगा आवडला का?", "हे पुस्तक कोणाला द्यावे असे वाटते?" पानांची मोजदाद, रोजचा तक्ता, पाहुण्यांसमोर वाचून दाखवण्याचा आग्रह आणि भावंडांशी तुलना हे सर्व टाळावे.

तपासणी: गेल्या आठवड्यात मुलाच्या वाचनाविषयी आपण जे बोललो त्यात सूचना किती होत्या आणि गप्पा किती, ते आठवून पाहावे.

पायरी ७: खंड पडल्यावर

नियमित वाचणारी मुलेही दहा-बारा वर्षांच्या आसपास मागे सरकतात. अभ्यास वाढतो, मित्रमंडळ वाढते, पडदा हाताशी येतो, आणि जुनी पुस्तके बालिश वाटतात तर मोठ्यांची अजून जड जातात. या काळात उपदेश करू नये आणि "पूर्वी किती वाचायचास" अशी आठवणही करून देऊ नये. आधी पुस्तके बदलावीत. मुलाच्या सध्याच्या छंदाविषयीची, खेळाडूंची, शोधांची, रहस्याची, त्याच्याहून दोन-तीन वर्षांनी मोठ्या नायकांची पुस्तके घरात दिसू लागावीत. पालकांच्या शिफारशीपेक्षा मित्राची शिफारस या वयात अधिक चालते, म्हणून दोन-तीन मित्रांनी आपसांत पुस्तके बदलण्याची सोय करून द्यावी आणि स्वतः त्यात पडू नये.

ध्वनिपुस्तकेही मोकळ्या मनाने वापरावीत. उलगडण्याचा सराव त्यांतून होत नाही, पण कथेची ओढ आणि भाषेची समज टिकते, आणि ऐकलेल्या मालिकेचा पुढचा भाग ध्वनिरूपात मिळाला नाही की अनेक मुले तो छापील स्वरूपात मागतात. परीक्षेच्या काळात १५ मिनिटांची ५ मिनिटे झाली तरी वेळ पूर्ण मोडू देऊ नये. एखादी कविता, एक चित्रकथा किंवा मासिकातले एक पान तेवढ्यात होते. वाचून दाखवायला मुलाने स्पष्ट नकार दिला तर आग्रह सोडावा, मात्र आपण वाचत असलेल्या पुस्तकातला एखादा मजेशीर उतारा गाडीत, रांगेत, जेवताना सहज वाचून दाखवायला हरकत नाही. त्याने पुढचे विचारले तर पुस्तक त्याच्याकडे सरकवावे आणि परत कधी देणार हे विचारू नये.